सहा तासांनी हुकलेला गोटा

लग्न पुढं ढकललं, तेही आकाशातल्या एका गोट्यापायी! निरोप ऐकून कुंदाचं डोकंच भणभणलं. आरमोरीचे वामनराव, म्हणजे तिचे होणारे सासरे, यांनी पेपरात वाचलं की मार्चमध्ये एक भला मोठा गोटा पृथ्वीजवळून गेला आणि सूर्याभोवती फेरा मारून तो परत येणार आहे. झालं! "पुढच्या साली गोटा जाऊ दे, मग पाहू," असा निरोप त्यांनी धाडला. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती, विहारात मांडवाचं ठरलंही होतं.

वर्षभर लटकलेली सोयरीक टिकते होय? कुंदाची आई बायनाबाई चुलीपाशी बसून डोळे पुसत होती. कुंदाला मात्र वामनरावांचा लेक धनपाल मनापासून आवडला होता. असं आपलं माणूस कुण्या दगडासाठी सोडायचं? छट्! ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ती बी.एस्सी. करत होती. प्राध्यापकांना गाठून तिनं गोट्याचं सगळं विचारून घेतलं आणि सकाळी पायात चपला सरकवल्या.

"आरमोरीले जाऊन राह्यली मी."

"अवो माय! नवरी सोताच जाते का बोलणी कराले? लोक तोंडात शेण घालतीन!"

"घालू दे," म्हणत ती एसटीत बसली.

वामनराव निंबाखाली खाटेवर बसले होते. एसटीची ड्रायव्हरकी करून रिटायर झालेला माणूस. मनानं सोन्यासारखा, पण जरा घाबरट. होणारी सून एकटीच दारात पाहून ते गडबडून उभेच राहिले.

"मामाजी, लग्न काऊन थांबवलं?"

"मले काय हौस हाये, बाई? तो गोटा सहा तासानं हुकला म्हंते पेपर. पुढच्या साली बरोबर टायमावर आला तर? नवा संसार तुमचा."

"आमच्या आजोबानं छप्पन साली पंचांग चुलीत घातलं. तुम्ही विहारात भाषण देता, आपल्यात मुहूर्त नाई, राहू नाई, केतू नाई. मग हा तिसरा घरात कसा घुसला?"

"राहू-केतू खोटे, बाई. हा गोटा खरा हाये. सायन्स हाये!" वामनराव चिडले.

"मग सायन्सच ऐका. फाटकावर तुमची सडक रेल्वेच्या रुळाले कापते. तुमची गाडी रेल्वेवर आदळली कधी?"

"आदळली असती तर इथी बसलो असतो का? मी निघून गेल्यावर रेल्वे येई."

"तसंच झालं. पृथ्वी फाटकातून गेली, सहा तासानं तिथी गोटा आला. त्याचा फेरा आपल्या वर्षाहून दहा-बारा दिवस मोठा हाये. पुढच्या साली आपण फाटकात पोचू, तवा—"

"तवा तो दहा-बारा दिवस लेट! अन् त्याच्या पुढच्या साली आणखी लेट!" लेट गाडीचा हिशेब त्यांना कुणी शिकवायला नको होता. ते खूश झाले, आणि लगेच कपाळाला आठी पडली. "पण पोरी, असा लेट होता होता एक दिवस आपणच मांगून त्याले गाठू ना?"

हा प्रश्न येईल असं कुंदाला वाटलंच नव्हतं. म्हातारा निघाला की पक्का! दारात उभा धनपाल 'नाही म्हण, नाही म्हण' असं मानेनं खुणावत होता. एका शब्दात लग्न पदरात पडत होतं.

"हो मामाजी, गाठू. तीसेक वर्षांनी पुन्हा जवळ येऊ शकते. तवाही बहुतेक हुकन. पण कधीच पडणार नाई, असं मी म्हणणार नाई."

धनपालनं कपाळावर हात मारला. वामनरावांनी एकदा लेकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"'नाई' म्हंतली असती तर मी मानलं असतं."

"ठाऊक होतं मले."

"मग 'नाई' काऊन नाई म्हंतली?"

"जन्मभर राहाले येऊन राह्यली मी इथी. उंबऱ्यातच खोटं बोलून आत येऊ काय?"

इतक्या दिवसांचं रडू आत्ता दाटून आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

वामनराव लेकाकडे वळले. "अबे, खुणा काय करून राह्यला? विहारात जाऊन सांग, तारीख तीच हाये." मग ते खाटेवर सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली. "तीस वर्षानं माही नातवंडं मोठी झाली असतीन. गोट्याचं काय करायचं, ते त्यायची माय सांगन त्यायले."