अनवाणी सुपरहिरो

धनेश परब बारा वर्षं परळमध्ये फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे वाढदिवस साजरे करत होता, पण जीव अडकला होता अमेरिकन कॉमिक्समध्ये. शेवटी तिथल्या एका प्रकाशनाने नमुन्याची सहा पानं मागवली. पसंत पडली तर वर्षभराचं काम, नाहीतर पुन्हा गॉगल घातलेले भाऊ.

गोष्ट त्यांनीच दिली होती. जग वाचवायला निघालेला सुपरहिरो खिडकीतून आईच्या स्वयंपाकघरात उतरतो, तिचा निरोप घेतो आणि लढाईला जातो. धनेशने जीव ओतून पानं काढली.

सकाळी नळाला पाणी आलेलं असतानाच संपादिकेची मेल आली. चेहरे उत्तम, शहर उत्तम. फक्त दुसऱ्या पानापासून पाचव्यापर्यंत हा माणूस अनवाणी का?

धनेशने पानं उघडली नि कपाळावर हात मारला. बूट खिडकीबाहेर नीट जोडून ठेवलेले होते. आपण ते कधी काढून ठेवले, हे त्याचं त्यालाच आठवेना. संध्याकाळपर्यंत दुरुस्ती हवी होती.

तो हिरोला बूट चढवत असताना त्याची आई, शेवंती, कोळंबी सोलता सोलता मागे येऊन उभी राहिली.

"बूट घालून थेट ओट्यापर्यंत? आणि त्याची आई गप्प?"

"आई, ती अमेरिकेत राहते."

"मग? तिकडे लादी आपोआप पुसली जाते?"

"अगं, त्याला जग वाचवायचंय!"

"वाचव म्हणावं. पण बूट काढून ये."

धनेश जाम भडकला. आईवर नव्हे, स्वतःवर. कारण बूट चढवले की तो मुलगा परक्याच्या घरात शिरल्यासारखा दिसायचा. बारा वर्षांची वाट दोन बुटांपायी फुकट जाणार होती. शेवटी त्याने हिरोच्या आईच्या जागी सरळ आपलीच आई घातली चित्रात. चष्मा नाकावर, हातात डाव, बोट बुटांकडे. आणि डोंगर उचलणारा तो गडी एका पायावर, फ्रिजला धरून, बूट ओढतोय. डोळे मिटून त्याने पानं पाठवली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. धनेशने ते मोठ्याने वाचलं, "काम तुमचं. अट एकच, ही आई प्रत्येक अंकात हवी."

"प्रत्येक अंकात मी?" शेवंतीने विचारलं.

"हो गं!"

"म्हणजे काम मला लागलं," ती काळजीने म्हणाली. "मग आता तुझं काय रे?"