खरवडलेले ठिपके

वेंडेलीनबाईंच्या पत्राला मारिनसनं सात महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र जाड शब्दकोशात होतं. तेव्हापासून तो शब्दकोशही त्यानं उघडला नव्हता.

'माझं घर शहराच्या जुन्या तटबंदीच्या जागेवर आहे,' बाईंनी लिहिलं होतं. 'तळघरात खालून ठकठक ऐकू येते. बशीतले सुके वाटाणे उडतात. भाचा म्हणतो, मावशीचं डोकं फिरलं. तुम्ही दुरुस्त केलेल्या वेढ्याच्या नकाशात माझ्या घराखाली भुयार आहे का?'

जुन्या काळी वेढ्यात शत्रू तटाखालून भुयार खणतोय का, हे ढोलावर ठेवलेले वाटाणे उडतात का ते पाहूनच ओळखत. बाईंना हे कुठून ठाऊक असणार?

नकाशात भुयार नव्हतं. पण तीस वर्षांपूर्वी, संग्रहालयासाठी तो साफ करताना, मारिनसनं ठिपक्यांची एक ओळ माश्यांची घाण समजून खरवडली होती. जुन्या नकाशांत भुयार दाखवतात तसे ते ठिपके एका ओळीत कसे, हा प्रश्न त्याला हे पत्र वाचताना पहिल्यांदा पडला.

बुधवारी सकाळी बहीण यान्ना कॉफी ओतत म्हणाली, "ऐकलंस का? शुक्रवारी वेंडेलीनला वृद्धाश्रमात नेतायत. वाटाण्यांशी बोलते म्हणे!"

त्याची नजर शब्दकोशाकडे गेली.

"अरे पुस्तकी किड्या, माणसांचंही काही वाच कधीतरी."

कॉफी तशीच टाकून तो संग्रहालयात गेला. नकाशा पालथा घालून खिडकीच्या तिरप्या उजेडात धरला. १७४७ सालच्या वेढ्यातलं बर्गेन-ऑप-झोम, हेच त्यांचं शहर. खरवडलेल्या जागी पुढून कागद कोरा होता. पण छापताना तांब्याच्या कोरीव पत्र्यानं कागद इतका दाबला होता, की मागे बारीक खळगे तसेच होते. बुरुजापासून निघालेली ओळ आज बाईंचं घर आहे त्या जागी थांबत होती.

त्यानं शेवटच्या खळग्यावर बोट ठेवलं. फरशीखाली ठक झालं.

बोट उचललं. शांत.

पुन्हा ठेवलं. ठक, ठक.

तिथंच बसून त्यानं लिहिलं: 'बाई, भुयार आहे. मीच ते नकाशावरून खरवडलं. तुम्हाला भ्रम झालेला नाही, चूक माझी आहे. मीही आवाज ऐकला. हे पत्र भाच्याला आणि डॉक्टरांना दाखवा. विचारायला आले तर मी नकाशा उलटा करून दाखवीन.'

बाईंच्या दारात त्यानं ठोठावायला हात उचलला आणि खाली घेतला. त्या घरात ठकठक आधीच पुरेशी झाली होती.

दाराच्या फटीतून त्यानं पाकीट हळूच आत सरकवलं.