आरतीपर्यंत

पंचवटीतील वामनभट, त्यांचे चिरंजीव गंगाधर, गंगाधरांचा उपेंद्र आणि उपेंद्राचा मयुरेश. पहिल्या दोघांनी यात्रेकरूंची क्रियाकर्मे केली, तिसऱ्याने बँकेत नोकरी केली आणि चौथ्याने सिनेमा केला. वामनभट माझे सासरे. गंगाधर माझे धाकटे दीर. त्यामुळे मयुरेशच्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला घरातील सर्वांत वडील माणूस म्हणून मी जाणार, हे सर्वांनी गृहीतच धरले होते.

मी गेले ती मात्र वडीलकीसाठी नव्हे. आदल्या दिवशी कुसुमचा, म्हणजे मयुरेशच्या आजीचा, फोन आला होता. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती गंगापूर रोडच्या घरात पलंगावर आहे.

"वहिनी, तुम्ही जाताय ना?"

"जाते आहे."

"संपेपर्यंत बसाल?"

"न बसायला काय झालं?"

"आधी घरी बघितलेली पोरं म्हणतात, कंटाळवाणा झालाय. सगळे मधूनच उठतील, आणि तो दाराशी उभा राहून बघत बसेल."

मी "बसेन" म्हटले. तिने आणखी काही मागितले नाही. मागण्याचा हक्क तिला होता. तो तिने कधी बजावला नाही, इतकेच.

माझे यजमान शाळेत संस्कृत शिकवीत आणि हौसेने कीर्तन करीत. तरुणपणी एका रामनवमीला त्यांना प्रथमच मोठा उत्सव मिळाला. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी नांदगावला, माहेरी होते. आरती होण्यापूर्वी कीर्तनातून उठू नये, असा रिवाज आहे. त्या दिवशी मात्र आरतीच्या आतच मंडप रिकामा झाला. उरली एकटी कुसुम, घरातली नवी सून. तिने एकटीने आरती घेतली. दुसऱ्या दिवशी चहाचा पेला पुढे ठेवताना डोक्यावरचा पदर सावरीत ती थोरल्या दिरांना म्हणाली, "भाऊजी, आवाज गोड, पदं गोड. पण गोष्ट काही कळली नाही." यजमान काही दिवस पानावर घुम्यासारखे बसत. मग पुन्हा अभ्यासाला लागले. पुढे गावोगाव त्यांची कीर्तने झाली, आणि आरतीनंतरही लोक रेंगाळू लागले. ते गेले, तेव्हा हे ऋण माझ्याकडे आले.

सिनेमागृहात घरच्यांनीच दोन रांगा भरल्या होत्या. पडद्यावर पहाटेच्या धुक्यातून गंगापूर धरणाचे पाणी असे काही उघडले, की इतकी वर्षे ह्या गावात काढून आपण ते पाहिलेच नाही, असे मला वाटले. त्यावर बासरी आली, आणि बासरीमागून मुलीचा आवाज. माझे डोळे भरून आले, हे मी लपवीत नाही.

मग दुसरे गाणे आले. मग तिसरे. नायक द्राक्षाच्या मांडवाखालून चालत होता, नायिका कड्यावरून चालत होती. चालता चालता त्यांचे प्रेम जमले.

"हा करतो काय गं?" मी माझ्या नातीला, मृण्मयीला, विचारले.

"फोटो काढतो, आजी."

"आणि खातो काय?"

"आजी, हळू!"

"इतके पांढरे शर्ट धुतं कोण?"

पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. मागे, दाराशी, मयुरेश उभा होता. त्यानंतर मी बोलले नाही.

मध्यंतरापूर्वी ती दोघे भांडली आणि नायिका एस.टी.त बसून निघून गेली. दिवे लागले, तशी आमची माणसेही निघाली.

"झकास रे, मयुरेश! काय एकेक जागा शोधल्यास!" माझ्या एका पुतण्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बायकामुलांना घेऊन तो लिफ्टकडे वळला. "द्वारकेच्या चौकात गर्दीत अडकलो ना, की गेली संध्याकाळ. निघतो हं."

दुसऱ्यालाही द्वारकाच आठवली. तिसऱ्याच्या घरी पाहुणे आले होते. मयुरेश प्रत्येकाला हसून "हो, निघा, निघा," म्हणत होता.

"आजी, आपणही निघू या?" मृण्मयी म्हणाली. "तुझे गुडघे दुखतील."

"दुखतातच. तू जा हवी तर."

"तुला एकटीला सोडून?"

"मग बस. आणि तो फोन आत ठेव."

उत्तरार्ध फार लांब होता. गारठा हाडांत शिरला, पाय जड झाले. पडद्यावर पुन्हा धुके, पुन्हा बासरी, पुन्हा ते चालणे. क्षणभर डोळे मिटले असते, तरी कथेचे काही निसटले नसते. मी ते मिटू दिले नाहीत. अखेरीस एका टेकडीवर सूर्य मावळला आणि ती दोघे एकत्र आली. सूर्य मावळण्यापलीकडे त्याला कारण दिसले नाही. मृण्मयी खांद्यावर मान टाकून झोपली होती. नावे सरकू लागली. झाडूवाल्यांनी दार उघडले. मी शेवटचे नाव जाईपर्यंत बसले.

मयुरेश येऊन एक खुर्ची सोडून बसला.

"मोठी आजी, तुम्ही गेला नाहीत?"

"अजून संपायचं होतं."

"कसा वाटला? सगळे छान म्हणाले."

मी फार थकले होते. "छान" म्हटले असते, तर लगेच घरी जाता आले असते. पण मग अर्धेच फिटले असते.

"धरण सुंदर. पहिल्या गाण्यानं मला रडवलं. पण ती दोघं भांडली कशावरून?"

"ते प्रेक्षकांनी समजून घ्यायचं."

"मला नाही समजलं. तुला ठाऊक आहे?"

त्याने कोऱ्या पडद्याकडे पाहिले. "नाही," तो म्हणाला. "धुकं मिळत होतं, म्हणून भांडणाचा सीन आधी घेऊन टाकला. कारण मागाहून लिहू म्हटलं. राहून गेलं."

"मग आधी कारण लिहावं. धुकं दरवर्षी पडतं."

"हे आजच सांगायला हवं होतं?" त्याचा आवाज चढला.

"आजच. ऐकायला उद्या तू तयार नसशील, आणि मी असेन की नाही, कोण जाणे."

तो उठून पायऱ्या उतरू लागला. मला खुर्चीतून उठता येईना. ते पाहून तो परत वर आला, आणि त्याने हात पुढे केला. खाली उतरेपर्यंत तो हात त्याने सोडला नाही; मृण्मयी डोळे चोळीत मागून आली. गाडीत मला बसवताना म्हणाला, "पुढचं लिहिलं की आधी तुम्हाला वाचून दाखवीन. आवडलं नाही, तर मधूनच उठा."

"ते मला जमत नाही," मी म्हणाले.

गाडी निघाल्यावर मी कुसुमला फोन लावला. जे त्याला सांगितले, ते तिलाही सांगितले; त्याचा चढलेला आवाज, त्याचा हात, काही वगळले नाही.

"भाऊजींचं ते मी कधी देणं म्हणून धरलं नव्हतं हो, वहिनी," ती शेवटी म्हणाली. "पण तुम्ही धरलं होतंत ना? मग फिटलं. सगळं फिटलं."