आडवी रेघ

आमच्या ह्यांना मी नावाने हाक मारत नाही. पण लिहिताना मारणार, कारण दर ओळीत 'हे' आलं तर वाचणाऱ्याला कळायचं नाही कोण हे. तर लवू. गिरणीच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासायचे. गिरणी बंद पडली तेव्हा बोरिवलीच्या एका टॉवरवर वॉचमन झाले, आता तेही सोडलं, पण कापड तपासणं काही सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाच्या शर्टाची बाही उलटी करून शिवण बघतात. मी तोंड फिरवून बसते.

आमची प्रांजल लग्नानंतर दहा वर्षांनी झालेली, त्यामुळे थोडी डोक्यावर बसवलेली. अंधेरीला विमा कंपनीत नोकरी करते आणि रविवारी बोरिवलीला निधी मॅडमच्या चित्रकलेच्या वर्गाला जाते. तीन वर्षांत लवूंनी तिच्या चित्रांबद्दल एकच प्रश्न विचारला, कॅनव्हास मीटरवर मिळतं का. तिला ते लागलं होतं. बोलली नाही, पण मला कळतं.

गेल्या महिन्यात वर्गाचं प्रदर्शन होतं. प्रांजलचं पहिलंच चित्र भिंतीवर लागणार होतं. पाच वाजता दारं उघडायची आणि दुपारी तीनला हिचा फोन.

"आई, वाट लागलीय. चित्रात एक रेघ आलीय, मॅडम विचारतायत ती मुद्दाम काढलीस की चुकून आली. मला सांगताच येत नाहीये."

"मग पूस ना."

"पुसायला गेले की हात थांबतो गं. पण कशी आली ते पण माहीत नाही. मी काढते ते मलाच कळत नसेल तर कशाला काढू यार? आज पुसते आणि पुढच्या रविवारपासून घरी बसते."

सकाळपासून ती उपाशी असणार, म्हणून मी भाकरी आणि सुकी भाजी डब्यात भरली आणि लवूंना म्हटलं, चला. दहिसरहून रिक्षा मिळेपर्यंत मी त्यांना शिकवत होते. चित्रासमोर उभं राहायचं, दोन मिनिटं बघायचं आणि 'छान' म्हणायचं. एवढंच.

"माका कळणा नाय तां मी कसां सांगू?" ते म्हणाले.

"पोरीसाठी खोटं बोलता येत नाही?"

"कापडात कधी बोलूक नाय," म्हणाले, आणि रिक्षात बसले.

हॉलमध्ये चित्रं टांगून झाली होती. प्रांजल एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात निळ्या रंगाची नळी घेऊन आपल्या चित्रापुढे उभी होती. डोळे सुजलेले. चित्र आमच्याच चाळीचं. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून एक निळी साडी खाली लांब सोडलेली, वाळत घातलेली. बाकी माणूस नाही, काही नाही. आणि साडीवर एक बारीक फिकट रेघ, या काठापासून त्या काठापर्यंत आडवी.

मी साडी ओळखली. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लवूंनी आणलेली. ती फाटून, तिच्या चिंध्या होऊनही पंधरा वर्षं झाली असतील. म्हणजे पोरीने आठवणीतूनच काढली होती.

लवू पुढे गेले आणि मला भीती होती तेच त्यांनी केलं. चित्राचा खालचा कोपरा धरून भिंतीपासून वर उचलला आणि मागची बाजू बघायला लागले.

"काका, काका, हात नका लावू," निधी मॅडम धावत आल्या.

"उलट्या बाजूशिवाय कापड कळणा नाय," लवू म्हणाले.

मला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. पण मॅडम हसल्या. बाई समजूतदार. म्हणाल्या, "याला उलटी बाजू नसते, काका. वर्गात आम्ही असं करतो. आधी काय दिसतं तेवढंच सांगायचं. मग ते कसं केलंय ते. आपल्याला काय वाटलं ते त्यानंतर. चांगलं की वाईट ते अगदी शेवटी."

"आमचीव पद्धत तीच," लवू म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि सुरू केलं. "साडी हा. सुती. सा वार. ऊन मागसून येता." मग बाजूला सरकून, मान तिरकी करून बघितलं. नाक लावायचं बाकी ठेवलं. "रंग पातळ लावलो हा, म्हणान उजेड आरपार दिसता." आणि मग रेघेपाशी आले आणि तिच्यावरून या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवली.

प्रांजल नळीचं झाकण फिरवत होती, उघडत होती, लावत होती.

"बाबा, ती चूक आहे," ती म्हणाली. "पुसतेय मी."

"चूक खरी. पण तुझी न्हय," लवू म्हणाले. "मागावर धागो सुटलो होतो. आडवो. माझ्याच टेबलार इली ती साडी, मीच बाद केलंय. मगे गिरणीच्या दुकानात डागी मालात लागली, थंयसून घेतलंय." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "हिका सांगलंय एक नंबरचो माल."

पस्तीस वर्षांनी माणूस कबुली देतो, तीही परक्या बाईसमोर. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण मला पहिल्याच धुण्यात कळलं होतं. ओल्या कपड्यावरून बोट फिरलं की लपत नाही. पण साडी देताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी ब्र काढला नाही. धागा सुटलेला तो भाग साडीच्या मधोमध होता. निऱ्या घालताना मी तो आतल्या घडीत घ्यायचे, म्हणजे चाळीत कोणाला दिसायला नको आणि ह्यांनाही वाटायला नको की हिला कळलंय.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

लवू वळले. "कधीपासून?"

"दिवाळी सरायच्या आत."

त्यांनी माझ्या हातातला डबा तेवढा काढून स्वतः धरला.

प्रांजल आमच्या दोघांकडे बघत होती. नेसलेली असताना ती रेघ कोणालाच दिसत नसे. दिसली असेल तर फक्त वाळत असताना, उन्हात, खाली अंगणात खेळणाऱ्या पोरीला. आम्ही दोघांनी एकमेकांपासून जपलेली गोष्ट हिच्या डोक्यावर रोज लटकत होती, आणि आपण काय बघतोय हे तिलाही माहीत नव्हतं.

"म्हणजे होती ती," ती हळूच म्हणाली. "खरंच होती."

"होती," लवू म्हणाले. मग त्यांच्यातला तपासनीस जागा झालाच. "पण जाग्यार नाय. मधोमध होती ती. तू वर काढलंस. ही रेघ हयसर होयी." आणि त्यांनी चित्रापासून अंतर राखून, बोटाने चार बोटं खालची जागा दाखवली.

मी मनात म्हटलं, झालं. आता पोरगी पुन्हा ब्रश उचलणार.

प्रांजलने चित्राकडे बघितलं. मग मान हलवली.

"नाही बाबा. तुम्ही टेबलावर बघितलीत. मी खालून बघायचे. मला तिथेच दिसायची."

आमच्या घरात कापडाच्या बाबतीत लवूंना 'नाही' म्हणायची कोणाची टाप नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग चित्राकडे. मग भिंतीला हात टेकवून, गुडघे कुरकुरत असताना, ते हळूहळू खाली उकिडवे बसले, पाच वर्षांच्या पोरीच्या उंचीएवढे, आणि मान वर करून त्यांनी साडी बघितली.

"हां," ते म्हणाले. "हयसून बरोबर आसा."

प्रांजलने नळी पिशवीत टाकली आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसली.