डावा डोळा

नारायण पेठेतल्या गृहस्थांनी गणपती पाटासकट मूर्तींचे डोळे आखणाऱ्या शकूच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः तिरके उभे राहिले, मूर्तीच्या नजरेत येणार नाही असे.

"मूर्ती सुबक आहे," ते म्हणाले. "पण हा डावा डोळा आमच्यावर पाळत ठेवतो. बायको त्याच्यासमोर चहासुद्धा पीत नाही."

"चतुर्थीपर्यंत सवय होईल."

"अहो, देव बघतो हे आम्हाला मान्य आहे. पण इतकं बघत नाही."

शकूने मूर्ती ठेवून घेतली. डोळा कोणाचा, हे तिला ठाऊक होतं. गेल्या श्रावणात तिचा नवरा दशरथ गेला, समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या. तिने त्याच्या पापण्या मिटवल्या. उजवी मिटली, डावी मिटेना. शेजाऱ्यांनीही अंगठा लावून पाहिला. कसबा पेठेत सल्ल्याला आणि अंगठ्याला तोटा नसतो. पापणी अर्धी उघडीच राहिली. तेव्हापासून शकू ज्या मूर्तीचे डोळे आखायची, तिच्या उजव्या डोळ्यात गणपती असायचा आणि डाव्यात दशरथ येऊन बसायचा. आता ती ब्रश उचलायचंच टाळायची.

संध्याकाळी दशरथची धाकटी बहीण अक्षता आली. ती लष्कराच्या इस्पितळात नर्स होती.

"वहिनी, आमच्याकडे डोळे रंगवायला माणूस हवंय."

"कोणाचे?"

"जवानांचे. गेलेल्या डोळ्याच्या जागी नकली बसवतात ना, ते. आधीचे काका निवृत्त झाले. एक डोळा रंगवून घेतील, जमला तर नोकरी."

"माझ्या डोळ्यांचं काय चाललंय, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. तिथे निदान एकच रंगवायचा असतो."

अशा रीतीने पंचेचाळिसाव्या वर्षी शकू फौजेत गेली. म्हणजे फाटकावर पास दाखवून आत गेली.

समोर वारज्याचा नाईक साईनाथ बसला होता. त्याचा नेमका डावा गेला होता.

"घाई न्हाई, ताई," तो म्हणाला. "फकस्त आमची ओवी जवळ याय पायजे. पट्टी काढली की पोरगी आईमागं लपती."

शकूने त्याच्या उजव्या डोळ्यात पाहिलं. मधूनच तो मिटत होता, पुन्हा उघडत होता. मिटणारा डोळा तिने बऱ्याच दिवसांनी इतक्या जवळून पाहिला. तिने ब्रश उचलला.

डोळे बसवणाऱ्या डॉक्टर, मेजर राजनंदिनींनी तयार डोळा हातात घेतला. "रंग अचूक आहे. पण बुबुळावर हा पांढरा ठिपका कशाला?"

"मूर्तीला देतो तसाच. त्यानेच जीव येतो."

"मूर्ती हलत नाही हो. माणूस वळतो, उजेड आपोआप पडतो. तुमचा ठिपका सावलीतही चमकत राहील." त्यांनी खिडकीचे पडदे ओढले.

खोलीतला उजेड मंदावला. मेजरच्या तळहातावरून डोळा एकटक शकूकडे बघत होता.

साईनाथ खुर्चीत मागे सरकला. "ह्यो माझा न्हाई, ताई. ह्यो दुसऱ्या कुणाचा तरी हाय."

"तो टाकून द्या," मेजर म्हणाल्या. "दुसरा करा."

दुसऱ्याला ठिपका दिला नाही. बसवल्यावर साईनाथ खिडकीकडे वळला आणि दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक कण आपसूक उतरला. बाहेर बसलेल्या ओवीला अक्षताने आत आणलं. पोरीने बापाचे दोन्ही डोळे निरखले, मग खात्रीने खऱ्या उजव्यावर बोट ठेवलं.

"ह्यो नवा हाय ना?"

आणि ती त्याच्या मांडीवर चढून बसली.

"सोमवारपासून या," मेजर शकूला म्हणाल्या.

टाकून द्यायचा डोळा शकूने पदराच्या टोकाला बांधून घरी आणला. आल्या आल्या तिने नारायण पेठेतल्या गणपतीचा डावा डोळा पुसला, नव्याने आखला, पांढरा ठिपका दिला. तिने वाट पाहिली. डाव्यातही गणपतीच होता. दुसरं कोणी आलं नाही.

मग तिने पदराची गाठ सोडली, तो डोळा कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि झाकण दाबलं. पहिल्याच दाबात ते बसलं. त्या मिटलेल्या डबीकडे ती बराच वेळ बघत राहिली.

शेवटी तिने झाकण काढलं आणि डबी समोरच्या खुर्चीत ठेवली, टेबलाकडे तोंड करून. दशरथला काम बघायला फार आवडायचं. करायला नाही.