मरियेची भाकर

सबिनोसने चौकात मरियेसाठी मांडलेल्या चौरंगावरची चादर खसकन ओढली आणि भाकर धुळीत पडली. आम्ही दहा-बारा बायका होतो, त्या मागे सरकलो. माझी थोरली जाऊ गमीलत खाली वाकली, भाकर उचलून ओढणीने पुसली आणि परत चौरंगावर ठेवली.

हा सबिनोस आमच्याच गल्लीत वाढलेला. काल-परवा धर्मगुरू झाला आणि लगेच शिंगं फुटली. शहरातल्या बिशपांचं पत्र त्याने वाचून दाखवलं: ख्रिस्ताची आई म्हणून मरियेचा मान ठेवा, पण तिला अर्पण करू नका, आणि बायकांनी तर अर्पणाला हातच लावू नये. खरी पोटदुखी त्या शेवटच्या वाक्यात होती. आमच्या आज्यांच्या काळी ख्रिस्ताचं नाव घेतलं तरी मुंडकं उडायचं. तेव्हा प्रार्थना चालायची ती बायकांच्याच स्वयंपाकघरात, आणि तेव्हा आमच्या हातांत कुणाला खोट दिसली नव्हती.

"मावशी, ऐकलं नाहीस तर रविवारी मेलेल्यांच्या नावांतून उमैमाचं नाव गाळावं लागेल," तो म्हणाला.

उमैमा गमीलतची एकुलती एक लेक. पहिल्याच बाळंतपणात बाळासकट गेली. दर रविवारी वेदीपुढे तिचं नाव वाचलं जायचं, तेवढाच गमीलतला विसावा. मेल्याने नेमका तिथेच घाव घातला.

"पोटचं पोर डोळ्यांदेखत मरताना मरियेने पाहिलंय, बाबा," गमीलत म्हणाली. "तिला नाही सांगायचं, तर काय तुला सांगू?"

घरी आल्यावर मीच तिला समजावलं, की जाऊबाई, चौरंग उचलून ठेवा, मरिया काही रागावायची नाही. तिने ऐकून घेतलं आणि पीठ चाळायला बसली.

देवळातल्या अर्पणाची भाकरही गेली वीस वर्षं तीच भाजायची. त्या शनिवारीही भाजली. सबिनोस न्यायला आला तो गालातल्या गालात हसत. म्हातारी नमली, असं त्याला वाटलं असावं.

"तेच पीठ, तीच भट्टी, हेच हात," गमीलत म्हणाली. "तुझ्या वेदीला चालतात, मग मरियेला का नाही चालत?"

"ते वेगळं, मावशी. चौरंग काढलास ना?"

"नाही."

त्याचं तोंड उतरलं. भाकर मात्र घेऊन गेला. लाज कशाशी खातात हे ठाऊक असतं तर तिथेच ठेवून गेला असता.

रविवारी नावं वाचली गेली. उमैमाचं आलं नाही. गमीलत जागची हलली नाही. मग त्याने प्रसादाची भाकर मोडली आणि आम्ही रांगेत उभ्या राहिलो. तिची पाळी आली तेव्हा सबिनोसने तुकडा पुढे धरला. तिने हात पुढे केलेच नाहीत. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्यानेच मान खाली घातली, तेव्हा ती वळली आणि बाहेर निघून गेली.

तिच्या मागे मी होते. तिच्यासारखंच वळून निघून जावं, असं वाटलं. तरी मी हात पुढे केला, आणि त्याने ठेवलेला तुकडा खाल्ला.