सोबत राहणारी व्यक्ती

नवरा गेल्याची बातमी आली तेव्हा शिवणबाई एका फ्रॉकला बाही जोडत होती. बातमी घेऊन खालचा घरमालकच वर आला होता. "बाई, कारखान्यातून फोन होता. सुतारकाका गेले हो. काम करता करता उभ्याउभ्या गेले म्हणतात." तिनं त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली, बाही पुरती जोडली, दोरा तोडला आणि मग उठली. ही गोष्ट षट्कर्णी व्हायला वेळ लागला नाही. गल्लीला ती फार लागली. गल्लीचं काय जातंय म्हणा! बाई रडली तर म्हणणार नाटक करते, नाही रडली तर म्हणणार दगड आहे.

खरं सांगायचं तर तिला काही वाटलंच नव्हतं. बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय झोपतो, चिमटा काढला तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं तिचं आतून झालं होतं. थोरली बहीण सोबतीला येऊन राहिली होती. ती रोज सकाळी म्हणायची, "अगं, रड एकदा. मोकळी हो." यावर ही विचारायची, "ताई, तुझ्या चहात साखर किती घालू?" ताई शेवटी कंटाळून परत गेली. जाताना म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं."

भिंतीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकायला हवा. या नवराबायकोत आठ-नऊ वर्षं अबोला होता, आणि त्याचं कारण होतं एक कपाट. तिच्या आईचं जुनं लाकडी कपाट. शिवणबाई एकदा ताईकडे गेली होती, तेवढ्यात सुतारानं ते कपाट फोडलं आणि त्या लाकडाचं कापड बेतायला एक लांबरुंद टेबल बनवलं. जमिनीवर वाकून बेतताना बायकोची कंबर धरते, हे तो रोज बघत होता. टेबल पाहून ती हरखून जाईल अशी बिचाऱ्याची समजूत. ती आली, तिनं टेबल पाहिलं, रिकामा कोपरा पाहिला, आणि मग घरात जे झालं ते खालच्या मजल्यावर शब्दन् शब्द ऐकू गेलं.

"माझ्या आईचं कपाट फोडलंत तुम्ही!"

"अगं, लाकूड तेच आहे ना. कुठं बाहेर गेलंय?"

या वाक्याला माफी नव्हती. इतकी वर्षं लाकडात हात घालणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये, याचा तिला जास्त संताप आला. ती रागाच्या भरात म्हणाली, "तुमचं तोंडही दिसायला नको मला." दुसरं कुणी असतं तर दोन दिवस फुगून बसलं असतं आणि तिसऱ्या दिवशी जेवायला काय आहे म्हणून विचारलं असतं. हा पडला सुतार. त्यानं दुसऱ्याच दिवशी प्लायवूड आणलं आणि लांब खोलीच्या मधोमध भिंतीसारखी फळी उभी केली. बायकोनं तोंडानं मागितलेली आणि यानं हातानं करून दिली नाही अशी वस्तू त्या घरात नव्हती. तशीच हीही.

फळीच्या एका बाजूला तो, पुढच्या जिन्याचं दार त्याचं. दुसऱ्या बाजूला ती, ओटा, शिलाई मशीन आणि मागच्या लोखंडी जिन्याचं दार. तो कारखान्याच्या खानावळीत जेवायचा. रस्त्यात समोरासमोर आलेच तर दोघं दोन दुकानांच्या पाट्या वाचायला लागायचे. आधी लोक हसले, मग त्यांनी समजूत घालून पाहिली, मग त्यांना सवय झाली. त्या टेबलावर मात्र ती रोज कापड बेतायची. टेबल चांगलं होतं, त्याला ती काय करणार?

तर असा हा नवरा गेला. आणि आठवडाभरात घरमालकानं त्याच्या बाजूच्या दाराला आपलं कुलूप ठोकलं. "सामान सुरक्षित राहावं म्हणून हो," असं म्हणाला. शिवणबाईनं ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात नोटीस आली. भाडेकरू सुतार होता, तो वारला, भाडेकरार संपला, सदर बाईंनी जागा रिकामी करावी. घरमालक तसा वाईट माणूस नव्हता. त्याच्या मुलाला धंद्यासाठी जागा हवी होती आणि वरचा मजला त्याच्या डोळ्यांत भरला होता, इतकंच. पण चांगल्या माणसानं घराबाहेर काढलं म्हणून रस्ता काही मऊ होत नाही.

शेजारणीनं ओढतच तिला फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईकडे नेलं. वकीलबाई वयानं तिच्या मुलीसारखी, बोलायला चटपटीत. नोटीस वाचून ती म्हणाली, "मावशी, घाबरू नका. भाडेकरू गेला म्हणून घर जात नाही. त्याच्या सोबत राहणारी जी कुटुंबातली व्यक्ती असते, तिच्याकडे तो हक्क येतो. तुम्ही तर बायको. आणि हे कुलूप! कोर्टाच्या हुकुमाशिवाय त्यांना ते लावताच येत नाही. लावलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"ते माझं दार नव्हतं."

वकीलबाईनं कपाळाला हात लावला. "मावशी, हे वाक्य इथं बोललात ते बोललात, कोर्टात बोलू नका. मालकाचा सगळा डाव त्याच्यावरच आहे. नोटिशीत तो म्हणतोय, मध्ये फळी, दारं वेगळी, चूल वेगळी, बोलणं नाही, मग ही सोबत राहत होती कुठं? ही तर शेजारीण. तुम्ही फक्त एवढं सांगायचं, की आम्ही सोबत राहत होतो. म्हणाल ना?"

शिवणबाईनं पदराचा काठ सारखा केला. "एका छपराखाली होतो," ती म्हणाली. "सोबत कसं म्हणू?"

बाईला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं तिच्या बाजूचं नव्हतं. वकीलबाई वैतागली, पण करते काय. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा न्यायाधीशांनी जागेची पाहणी करायला एक अधिकारी नेमला आणि अहवाल येईपर्यंत सगळं आहे तसं ठेवायला सांगितलं. वकीलबाईनं तिला स्पष्टच सांगितलं, "पाहणीवर सगळं आहे. अहवाल विरोधात गेला तर घर गेलं समजा."

घर गेलं तर मशीन ताईच्या व्हरांड्यात. ताईचा नवरा कपाळाला आठ्या घालून चप्पल शोधणार, आणि गल्लीतली गिऱ्हाइकं तिकडे कशाला येतायत? या वयात नवीन गल्लीत पाटी लावायची म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. हे सगळं तिला कळत होतं. रात्रीची झोप उडायला हवी होती. ती आडवी पडली की झोपायची.

पाहणीचा अधिकारी दुपारी आला. निवृत्तीला टेकलेला जाडजूड माणूस, जिना चढून धाप लागली होती. घरमालक त्याला हाताला धरूनच वर आणत होता, जणू त्याच्याच घरचं कार्य. मागे वकीलबाई आणि शिवणबाई, आणि त्यांच्या मागे किल्ली घेऊन घरमालकीण. किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या, म्हणून तिला यावं लागलं होतं, नाहीतर कोर्टकचेरीच्या नावानंच तिला धडकी भरायची.

कुलूप उघडलं. कोंडलेल्या लाकडाचा वास आला. त्या अर्ध्या भागाला खिडकी नव्हती, फळीवरच्या फटीतून शिवणबाईच्या बाजूचा थोडासा उजेड छताला लागला होता, तेवढाच. अधिकारी उंबऱ्यातच थांबला. "बाई, बत्ती लावा बघू. पाय कुठं टाकायचा कळेना."

ज्याचं घर त्यानं दिवा लावावा, इतक्या साध्या मनानं तो बोलला होता. शिवणबाई पुढं झाली. फळी उभी राहिल्यापासून तिनं या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. तिचा हात दाराशेजारच्या भिंतीकडे गेला, लग्न होऊन आली तेव्हापासून बटण तिथंच होतं. हाताला लागलं गुळगुळीत लाकूड. बटण काढून तिथं चौकोनी तुकडा बसवलेला होता. तिनं थोडं वर चाचपलं, थोडं खाली चाचपलं. मग दाराच्या दुसऱ्या अंगाला जाऊन चाचपलं.

घरमालकाला राहवलं नाही. "बघा साहेब, बघा! स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जिला बटण कुठंय ते ठाऊक नाही, ती म्हणे इथं नवऱ्यासोबत राहत होती. मी वेगळं काय सांगत होतो?"

वकीलबाईचा चेहरा उतरला. शिवणबाईचा हात भिंतीवरच राहिला. संपलं, तिच्या मनात आलं. मशीन उतरवायला टेम्पो लागेल. टेबल मागच्या जिन्यानं उतरणार नाही, ते इथंच राहील.

अधिकाऱ्यानं मोबाइलची बॅटरी लावली. उजेड भिंतीवरून फिरत वर गेला. छताच्या मधल्या तुळईला एक बल्ब लोंबत होता आणि त्याच्या खाली वीतभर जागा सोडून फळी संपली होती.

"फळी वरपर्यंत का नाही नेली?"

"मला काय ठाऊक," घरमालक म्हणाला. "सुतार माणूस, त्याला प्लायवूडचा काय तोटा?"

"म्हणजे दोन्हीकडे मिळून हा एकच दिवा. बाई, तुमच्या बाजूला बटण कुठंय?"

"माझ्या बाजूला नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही अंधारात शिवत होता?"

"नाही."

"आणि आता?"

"हे गेल्यापासून टेबलावरचा दिवा आणलाय. ओट्याजवळच्या प्लगवर."

"ते झालं आताचं. त्याआधी वरची बत्ती कोण लावायचं?"

तिनं विचार केला. कुणी हा प्रश्न तिला विचारला नव्हता आणि तिनं स्वतःलाही विचारला नव्हता.

"लागायची," ती म्हणाली.

"लागायची म्हणजे?"

"अंधारून आलं की लागायची. माझं काम आवरलं की जायची."

"आपोआप?"

अधिकारी उजेड खाली आणत होता. कोपऱ्यात गुंडाळलेलं अंथरूण, खुंटीवर दोन सदरे. मग फळीला अगदी लागून, फळीकडेच तोंड करून ठेवलेली एक खुर्ची. तिच्याशेजारी फळीवरच, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर, बटण. तुळईवरून तिथपर्यंत वायर नीट खिळ्यांनी बसवत आणली होती. अधिकाऱ्यानं वाकून ते दाबलं. दोन्ही बाजू उजळल्या.

"ते लावायचे," शिवणबाई म्हणाली.

"आणि तुमचं काम संपलेलं त्यांना कळायचं कसं? तुम्ही हाक मारायचा?"

"आम्ही बोलत नव्हतो."

"हेच तर म्हणतोय मी, साहेब," घरमालकानं संधी साधली. "बोलणं नाही, चालणं नाही..."

"मशीन थांबलं की," घरमालकीण म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती गोंधळली, पण बोलायला सुरुवात केली की ती थांबणारी नव्हती. "आम्हाला खाली सगळं ऐकू येतं ना. आधी मशीन थांबायचं. मग हिची भांडी वाजायची, मग अंथरूण टाकल्याचा आवाज. मग टक्, बटण. आणि त्यानंतर त्यांची खुर्ची सरकायची. हिचं काम लांबलं तर तेही तसेच बसून. मी रोज यांना म्हणायची, झोपले बरं का वरचे दोघं, चला आता आपणही झोपू."

"तू गप्प बस गं!" घरमालक खेकसला.

"अहो, पण म्हणायची की नाही? तुम्हीच सांगा साहेबांना, मी काय खोटं बोलतेय?"

घरमालक खुर्चीकडे बघत राहिला. सुतारकाकांना तोही कितीतरी वर्षं ओळखत होता. अधिकारी त्याच खुर्चीच्या पाठीवर कागद टेकवून उभ्याउभ्या लिहीत होता आणि वकीलबाई त्याच्या खांद्यावरून उघड उघड वाचत होती. तिनं शिवणबाईचा दंड दाबला. "मावशी, झालं आपलं काम. सुटलात तुम्ही."

घरमालकिणीनं न विचारताच दाराचं कुलूप काढून कनवटीला लावलं.

शिवणबाई मात्र बल्बकडे बघत होती. "साहेब," ती म्हणाली, "म्हणजे आम्ही सोबत राहत होतो?"

अधिकाऱ्याला वाटलं, बाईला कायद्याची खात्री करून घ्यायची आहे. "हो तर," तो पेनाला टोपण लावत म्हणाला. "निकाल कोर्ट देईल. पण माझ्या अहवालात तसंच आहे. सोबतच राहत होता तुम्ही. शेवटपर्यंत."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, सगळ्यांच्या देखत, त्या खुर्चीचा हात घट्ट धरून शिवणबाई ढसाढसा रडायला लागली.